रोज बसता तसे बसा

"आंधळ्याला कसं वाटतं ते कळायला माझंच काजळ फिसकटवायचं होतं का यांना?"

हे माझ्या कानापासून वीतभर अंतरावर बोललं गेलं. मी व्हरांड्यात चहाचा ट्रे घेऊन उभी, आणि सायखेड्याहून येणाऱ्या एक मॅडम खिडकीच्या काचेत बघत डोळ्यांखालचा काळा ओघळ रुमालाच्या टोकानं टिपत होत्या.

"तुमचं काजळ गेलं, माझा गुडघा गेला," त्यांच्या शेजारचे, विंचूरहून अपडाऊन करणारे सर म्हणाले. "डोळ्याला पट्टी बांधली आणि जोडीदारानं नेऊन थेट टेबलावर घातलं. आता मलाच अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढून द्या म्हणावं, चाळीस टक्क्यांचं."

"घ्याच सर. बदलीला उपयोगी पडेल."

दोघं खळखळून हसले. मी ट्रे पुढं केला. त्यांनी कप उचलले, पण माझ्याकडं बघितलं नाही. खिचडीवालीसमोर माणसं फार मोकळं बोलतात, हंड्यासमोर बोलावं तसं. अकरा वर्षं मी या शाळेत खिचडी शिजवतेय. शाळेचं जेवढं मला ठाऊक आहे तेवढं साहेबांना ठाऊक नसेल, आणि साहेबांना जेवढं ठाऊक आहे तेवढंही ते दाखवत नाहीत.

मार्चचा पहिला आठवडा होता. नाशिकपासून अर्ध्या तासावरचं आमचं गाव, चारी बाजूंनी द्राक्षबागा, आणि गावाच्या टोकाला आमची जिल्हा परिषदेची शाळा. तिथं तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं होतं. दिव्यांग मुलांना घरी किंवा वेगळ्या शाळेत न ठेवता नेहमीच्या वर्गात, बाकीच्या पोरांबरोबर बसवून कसं शिकवायचं, हे शिक्षकांना शिकवायचं होतं. आजूबाजूच्या शाळांचे तीसेक सर आणि मॅडम आले होते. शिकवायला नाशिकहून देवरे मॅडम यायच्या, पांढऱ्या गाडीतून, सोबत स्वतःची पाण्याची बाटली घेऊन.

आमचीच शाळा का निवडली? मुख्याध्यापक गांगुर्डे सर सगळ्यांना सांगायचे, "आपल्याकडं रॅम्प हाय आणि खुशनुमा हाय."

रॅम्प आहे, खरं आहे. व्हीलचेअर वर चढावी म्हणून बांधलेला तो उतार गांगुर्डे सरांच्या स्कूटरला फार सोयीचा पडतो. सर रोज सकाळी त्यावरून स्कूटर चढवून व्हरांड्यात सावलीला लावतात. चार वर्षांत त्या उतारावरून दुसरं चाक गेलेलं मी बघितलं नाही.

आणि खुशनुमाही आहे. ती दहा वर्षांची, चौथीत. तिचा बाप अकबर, बागेत औषध मारायचे ब्लोअर दुरुस्त करतो; रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं दुकान आणि मागं घर. जन्माच्या वेळी पोरीच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, असं सिव्हिलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिचे पाय आखडलेले, उजवा हात मुडपलेला, मान जरा एका बाजूला. तोंडातून लाळ गळते आणि शब्द बाहेर येताना ओल्या दगडावरून पाय सटकावा तसे सटकतात. पण कान शाबूत, डोळे माझ्यापेक्षा तेज, आणि डोकं? डोक्याचं पुढं कळेलच.

हजेरीत ती रोज हजर असते. ते खोटं नाही, ती रोज येतेच. तिची आई रोशनबी तिला स्कुटीवर पुढं उभी करून, दोन गुडघ्यांत धरून घेऊन येते. फक्त ती वर्गात बसत नाही. ती माझ्याजवळ बसते, खिचडीच्या शेडमध्ये, एका बाजूचा हात कापलेल्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर.

हे काही कुणी ठरवलेलं नव्हतं. पहिलीत पहिल्याच आठवड्यात तिची लाळ एका पोरीच्या नव्या वहीवर पडली. त्या पोरीची आई शाळेत येऊन भांडली. तेव्हाच्या बाई म्हणाल्या, "नवसामावशी, आजच्या दिवस तुमच्यापाशी बसवा हिला." तो आजचा दिवस चार वर्षं चालला. बाई बदलून गेल्या, दुसरीपासून मनोज सर वर्गावर आले, त्यांनी आधीचं टाइमटेबल जसं पुढं चालवलं तसं हेही चालवलं.

रोशनबीला ठाऊक नव्हतं असं नाही. ती म्हणायची, "आपा, तुमच्याजवळ असली का मेरेको टेन्शन नै." आणि स्कुटीला किक मारायची.

शेड मनोज सरांच्या खोलीला पाठ लावून बांधलेली आहे; पोरं वरच्या इयत्तेत गेली तरी त्यांची खोली तीच राहिली. मधल्या भिंतीत वर सिमेंटची जाळी आहे, हवा खेळावी म्हणून. त्या जाळीतून हवा कधी येत नाही, पण मनोज सरांचा आवाज येतो. आवाज मात्र माणसाचा छान आहे. गोष्ट सांगायला लागले की माझी फोडणी करपते. मी स्वतः तिसरीपर्यंत शिकले. पुढचं वाचणं किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं, आणि पुढची गणितं त्या जाळीखाली. खुशनुमा डाव्या हातानं तांदूळ निवडायची, कान वर भिंतीला. तिकडं पोरं एकोणीसचे पाढे म्हणताना अडखळली की इकडं ही खुर्चीत उड्या मारायची. मागच्या वर्षी एकदा सरांनी विचारलं, "एकोणीस सत्ते?" वर्ग गप्प. हिनं इकडून जिवाच्या आकांतानं ओरडून सांगितलं. शब्द सटकला, पण एकशे तेहतीसच होतं ते. पलीकडं सरांचा आवाज थांबला. मी मोजलं नाही, पण पोह्याची एक वाफ जावी एवढा वेळ थांबला. मग म्हणाले, "चला, पुढचं गणित घ्या." त्या थांबण्याचा मला जेवढा राग आला तेवढा कुणाच्या शिवीचाही आला नसता. कळलं नसतं तर वेगळं. माणसाला कळलं आणि मग तो पुढचं गणित घेतो!

साहेबलोक शाळेला भेट देतात त्या दिवशी मात्र खुशनुमा वर्गात बसते. त्याची आमच्याकडं रीत आहे. फाटकाशी गाडी वाजली की मी तिला उचलून वर्गात नेते. गांगुर्डे सर दारातून म्हणतात, "चला, फोटो!" लगेच पहिल्या रांगेतला अमीर उजवीकडं सरकतो, त्याच्या शेजारची रोशनी डावीकडं सरकते, मधल्या जागेत खुशनुमा. मागं फळ्यावर तारीख. फोटो निघतो, ग्रुपवर जातो, वरून अंगठा येतो. साहेब गेले की मी तिला परत उचलून आणते. पोरांना इतकी सवय झालीय की 'फोटो' शब्द ऐकला की ती झोपेतही सरकतील.

आणि साहेबांनी पोरीला काही विचारलंच, तर तिचं बोलणं सांगायला मी. तिचं बोलणं मलाच कळतं, रोशनबीनंतर. मी ते जरा धुऊन, निथळून सांगते. एकदा एका साहेबांनी विचारलं, "जेवण आवडतं का बाळा?" ती म्हणाली, काल मीठ लई पडलं होतं आणि परवा वाटाणे कच्चे होते. मी म्हणाले, "हो म्हणते, साहेब." नंतर दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी जाताना एकच शब्द बोलली, तो सटकला नाही. "खोटारडी."

तर असं सगळं आमच्याकडं होतं म्हणून आमची शाळा निवडली.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या-बिट्ट्या नव्हत्या. त्या दिवशी तक्ते होते. शिक्षकांचे पाच गट केले, प्रत्येकाला एक मोठा कागद आणि स्केचपेनं दिली, आणि लिहायला सांगितलं की दिव्यांग मुलं वर्गात का बसू शकत नाहीत, अडथळे कोणते. शिक्षकांना स्केचपेनं दिली की त्यांचं वय दहानं कमी होतं. हिरवं कुणाकडं, जांभळं कुणाकडं, यावरून रुसवे झाले. विंचूरच्या सरांनी कागदाला द्राक्षवेलीची किनार काढली, खरंच सुबक. जेवणानंतर सगळे कडुनिंबाखाली सुपारी कातरत बसले तेव्हा मी वर्ग झाडायला गेले. तक्ते भिंतीला चिकटवलेले होते. मी एकेक वाचला. निधीचा अभाव. पालकांची उदासीनता. भौतिक सुविधांचा अभाव. समाजाचा दृष्टिकोन. आणि पाचही तक्त्यांवर, प्रशिक्षणाचा अभाव. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात बसून, दोन वेळचा चहा पिऊन. सगळे अडथळे सापडले होते त्यांना. 'आम्ही' हा शब्द मात्र एकाही तक्त्यावर नव्हता.

देवरे मॅडमना तक्ते फार आवडले. त्यांनी प्रत्येकाचा फोटो काढला.

त्याच दिवशी सव्वाअकराच्या सुमारास मॅडम हात धुवायला शेडकडं आल्या. प्रशिक्षण चौथीच्या खोलीत भरत होतं आणि चौथीची पोरं तिसरीत दाटीनं बसवली होती, म्हणून फोटो शेवटच्या दिवसावर ठेवला होता. खुशनुमा लाल खुर्चीत बसून मटकीतले खडे काढत होती. तिच्या मागं वॉकर उभा होता, शिबिरात मिळालेला, मोठ्या माणसाच्या मापाचा. त्यावर मी हंडा धरायची फडकी वाळत घालते.

"अगंबाई, किती गोड!" मॅडम म्हणाल्या. "मधल्या सुट्टीत मावशींना मदत करते वाटतं?"

गांगुर्डे सर पाठोपाठ होतेच. "हो हो, मधल्या सुट्टीत. लय लळा हाय तिला."

मधली सुट्टी एक वाजता होते. मैदानात शुकशुकाट, वर्गावर्गातून पोरं वाचतायत, आणि मॅडमच्या मनगटावर चांगलं सोनेरी घड्याळ. त्यांनी घड्याळाकडं बघितलं नाही. हात झटकले, खुशनुमाच्या केसांवरून दोन बोटं फिरवली आणि गेल्या. एवढं शिकलेलं माणूस, पण न बघायचं शिक्षण बघा किती पक्कं.

त्या गेल्यावर खुशनुमानं माझा पदर ओढला.

"मावशी, यांना सांग, मला आत बसायचंय."

"बघू," मी म्हणाले.

"बघू नको. सांग."

तिची घाई मला कळत होती. आमच्याकडं चौथीपर्यंतच वर्ग. जूनमध्ये पाचवीला गावातल्या हायस्कूलला जायचं. तिथल्या सरांनी अकबरला स्पष्ट सांगितलं होतं, "पाच तास वर्गात पोरांत बसू शकत असंल तर घेऊ. सवय नसंल तर घरीच ठेवा, महिन्यातून दोनदा सर घरी येऊन शिकवतील." घर म्हणजे पत्र्याच्या शेडमागची खोली, एक खाट, दिवसभर ब्लोअरची घरघर. तिथं जाळीसुद्धा नाही. मार्च आणि अर्धा एप्रिल, एवढेच दिवस उरले होते सवय लावायला. हे तिनं स्वतःच हिशोब करून मला सांगितलं होतं, महिन्याभरापूर्वी. मी तेव्हाही 'बघू' म्हणाले होते.

तिसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक पाठ होता. म्हणजे खऱ्या पोरांना समोर बसवून, खऱ्या दिव्यांग मुलीला त्यांच्यात घेऊन, मनोज सरांनी पाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी बघून शिकायचं. पाठाचं शूटिंग होणार होतं. ते जिल्ह्यात सगळ्यांना दाखवणार होते, यशोगाथा म्हणून.

सकाळी साडेनऊलाच गांगुर्डे सर शेडमध्ये आले. आल्या आल्या हंड्याचं झाकण उचलून वास घेतला. बोलायचं असलं की ते असंच करतात.

"नवसाबाई, पोरीला जरा नीटनेटकी करा आज. रुमाल लावा गळ्याला, लाळेचं बघा. आणि मॅडमनी काय विचारलं तर तुम्ही सांगताच. चांगलं चांगलं सांगा."

"आणि ती वाईट बोलली तर?"

"दहा वर्साची पोर काय वाईट बोलणार? तुम्ही सांगाल ते बोलणार." झाकण परत ठेवलं. "जूनमधी तुमचा करारनामा नवा करायचाय. समितीत दोन-चार बाया तयार हायेत म्हणे खिचडीला. मी म्हणलं, नाय, नवसाबाईसारखी बाई भेटायची नाय."

असा तो माणूस. धमकीसुद्धा कौतुकात गुंडाळून देतो, लग्नात नारळ द्यावा तशी.

मी खुशनुमाच्या वेण्या घातल्या. रोशनबीनं अबोली रंगाचा नवा फ्रॉक पाठवला होता. वेणी घालताना पोर गप्प होती, म्हणजे काहीतरी शिजत होतं.

"मावशी," ती शेवटी म्हणाली, "मागच्या वर्षी सर आले होते ना इथं?"

माझा हात केसांत तसाच राहिला.

आले होते. ते सांगायचं माझ्या जिवावर येतं, पण आता आलंच आहे तर सांगते. त्या एकोणीस सत्तेनंतर आठ दिवसांनी मनोज सर शेडमध्ये आले. चौकटीत उभे राहिले, पाऊल आत न टाकता. म्हणाले, "मावशी, हिला वर्गात बसवून बघू का? पाढे येतात हिला." आणि मी, जी आज सगळ्यांना नावं ठेवतेय ती मी, चटकन म्हणाले, "राहू द्या सर. पोरं ढकलतील. पडली-बिडली तर कुणाच्या जिवाला घोर?" सरांनी एक मोठा श्वास सोडला. परीक्षा पुढं ढकलली की पोरं सोडतात तसा. "तेही खरंच आहे," म्हणाले, आणि गेले. परत कधी विचारलं नाही.

पोरं ढकलतील म्हणून नव्हतं ते. मला मूल नाही. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली. घरी भांड्याशिवाय कुणी आवाज करत नाही. आणि इथं सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच ती लाल खुर्ची, ते तांदूळ, 'मावशी हे बघ, मावशी ते ऐक.' ती आत गेली असती तर मी त्या शेडमध्ये नुसती खिचडी शिजवत बसले असते. हे मी कुणाला बोलले नाही. स्वतःलाही नाही.

"आले होते," मी वेणीला गाठ मारली. "तेव्हा तू लहान होतीस."

"नऊची होते," खुशनुमा म्हणाली. "आणि ऐकत होते."

अकरा वाजता पाठ सुरू झाला. चौथीच्या खोलीत बाकांवर सगळे शिक्षक बसलेले, पुढं सतरंजी, कोपऱ्यात तीन पायांवर मोबाइल लावलेला. गांगुर्डे सरांनी पहिलं बाक खुशनुमासाठी राखून ठेवलं होतं, त्यावर फुलांचा कपडासुद्धा अंथरला होता. मी तिला वॉकर धरून सावकाश आत आणली. वॉकर उंच, तिचे खांदे कानाला टेकलेले. तीस माणसांनी एकदम चेहऱ्यावर कनवाळू भाव आणला. काजळवाल्या मॅडमनी तर हात जोडले, का ते देव जाणे.

देवरे मॅडम पुढं आल्या. "नाही नाही, बाक नको. आपल्याला नैसर्गिक वातावरण हवं. सगळी मुलं सतरंजीवर. मुलांनो, घाबरायचं नाही. रोज बसता तसे बसा."

पोरं आमची गुणी आहेत. सांगितलं तसं करतात. बत्तीस पोरं धडाधडा सतरंजीवर बसली, चार रांगा, प्रत्येक जण आपापल्या जागी, मांडीला मांडी लावून. अमीरच्या शेजारी रोशनी, रोशनीच्या शेजारी साई. एका रांगेतही बोट शिरेल एवढी फट नव्हती.

खुशनुमा वॉकर धरून समोर उभी. मी तिच्या पाठीशी. ती एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर नजर फिरवत होती. पोरं तिच्याकडं बघत होती, आपण काही चुकलो का असं. कुणी सरकलं नाही. रोज कुणाला सरकावं लागतं?

मनोज सर फळ्याशी खडू घेऊन उभे होते. खडू बोटांत दोनदा फिरवला, मग दोन तुकडे झाले त्याचे.

विंचूरचे सर खोकले. मोबाइलचा लाल ठिपका चालूच होता.

"बसा बसा, जागा करा की रे!" गांगुर्डे सर कडेनं दबक्या आवाजात ओरडले. पोरं गोंधळली. कुठं जागा करायची, कुणी करायची? सरांच्या कपाळावर घाम आला. आणि मग त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं, "चला, फोटो!"

सट्टकन अमीर उजवीकडं गेला, रोशनी डावीकडं गेली. दार सरकावं तशी अख्खी रांग सरकली, आवाजसुद्धा न करता, आणि मध्ये एका पोरीच्या मापाची जागा उघडी पडली. सगळ्या पोरांनी माना वर केल्या, दात दाखवले आणि मोबाइलकडं बघून हसली.

तीस शिकलेली माणसं त्या एका पोरीएवढ्या जागेकडं बघत होती. प्रत्येकाच्या शाळेत अशी एक जागा असणार, म्हणून तर कुणी 'हे काय?' असं विचारलं नाही. काजळवाल्या मॅडम वहीत काहीतरी लिहायला लागल्या. देवरे मॅडमच्या चेहऱ्यावर एक क्षण असं काहीतरी आलं की मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी ओठ उघडले.

"छान," त्या म्हणाल्या. "मुलं किती पटकन सामावून घेतात, बघा. सर, सुरू करा."

तेव्हा खुशनुमा बोलली. मोठ्यानं बोलली, मान वाकडी करून, सगळा जीव घशात आणून. शब्द सटकले, लाळेबरोबर रुमालावर पडले. तिला पुरं बोलायला वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळे भिंतीवरच्या तक्त्यांकडं बघत राहिले.

"काय म्हणतेय ती?" देवरे मॅडमनी मला विचारलं. गोड आवाजात.

गांगुर्डे सर माझ्याकडं बघत होते. मनोज सरही. मला वाटत होतं मी कुणाला भीत नाही. अकरा वर्षं मी मनातल्या मनात या सगळ्यांची सालटी काढत आले.

"ती म्हणते," मी म्हणाले, "मला शाळा लय आवडते."

बाकांवर हायसं वाटल्याची एक लाट गेली. कुणीतरी टाळीसाठी हातसुद्धा उचलले.

खुशनुमानं चांगला हात वॉकरवर आपटला. एकदा, दोनदा. लोखंड खणखणलं. मग ती मागं वळली, वॉकरसकट, पडता पडता वळली आणि माझ्याकडं तोंड करून उभी राहिली. पहिल्यांदा बोलली होती तेच, त्याच क्रमानं परत बोलली, हळू, एकेक शब्द निवडून, मटकीतला खडा काढावा तसा. मला कळलं नाही असं म्हणायची सोय तिनं ठेवली नाही. मग थांबली आणि वाट बघत राहिली.

तिची हनुवटी ओली झाली होती. मी पदरानं पुसली. मग तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाकांकडं तोंड केलं.

"ती तसं म्हणाली नाही, मॅडम," मी म्हणाले. "ती म्हणते, मी रोज इथं बसत नाही. चार वर्षांत फोटोपुरती बसले. रोज मी भिंतीपलीकडं तांदूळ निवडते. सर एकदा मला न्यायला आले होते, मावशीनं जाऊ दिलं नाही, आणि सरांना ते बरं वाटलं. मला आजपासून आत बसायचंय."

मोबाइलचा लाल ठिपका चालूच होता. गांगुर्डे सरांनी डोळे मिटून घेतले होते. मनोज सरांनी खडूचे तुकडे टेबलावर ठेवले.

"एवढं तिचं," मी म्हणाले. "पुढचं माझं. ही वर्गात कुणालाच नको होती, म्हणून मी ठेवून घेतली. आणि मला ती हवी होती, म्हणून मी कुणाला बोलले नाही."